आगबोटीच्या पोटावरची रेघ

बंदराच्या माथ्यावरच्या सड्यावरून येणाऱ्या मुलांना उशीर का झाला, हे आमच्या वर्गशिक्षकांना विचारावे लागत नसे. गोव्यातल्या मुरगाव बंदरात नवी आगबोट लागली आहे, एवढे ते समजून घेत. ती कुठल्या देशाची यावर आमच्या पैजा लागत. लोहखनिज बहुतेक जपानला जाई, पण झेंडा मात्र पुष्कळदा पनामाचा किंवा लायबेरियाचा असे, आणि एवढ्याशा देशांकडे इतक्या आगबोटी कशा, हे कोडे मला कॉलेजात जाईपर्यंत सुटले नाही. (तिथे नोंदणी सोयीची आणि स्वस्त पडते, इतकेच.)

रिकामी आगबोट आली की तिचे तांबडे पोट घराएवढे उंच पाण्याबाहेर दिसे. मग नदीतून खनिज आणणाऱ्या बार्जींची, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू होड्यांची, ये-जा सुरू होई. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध धोक्याचा होत असल्यामुळे तिकडच्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरत. खनिज भरत जाई तसतसा तांबडा पट्टा बुडत जाई.

विज्ञानाच्या सरांनी एकदा आम्हाला धक्क्यावर नेले होते. आगबोटीच्या अंगावर ती किती खोल बुडाली आहे ते सांगणाऱ्या पांढऱ्या आकड्यांची उभी ओळ होती आणि मध्यभागी एक वर्तुळ, त्याच्या शेजारी कुठल्या पाण्यात कुठवर बुडेल इतका माल भरायचा ते दाखवणाऱ्या आडव्या रेघांची शिडी. 'एफ' अक्षराची, म्हणजे गोड्या पाण्याची रेघ खाऱ्या पाण्याच्या रेघेच्या वर का, असे सरांनी विचारले. गोडे पाणी हलके म्हणून आगबोटही त्यात हलकी होते आणि वर येते, असे मी ठामपणे सांगून मोकळा झालो. सर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन बादल्या आल्या, एक विहिरीच्या पाण्याची आणि एक बायणा किनाऱ्यावरून भरून आणलेली. कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत मानेपर्यंत बुडेल इतकी वाळू घालून, बूच लावून त्यांनी ती आधी समुद्राच्या पाण्यात सोडली आणि पाणी टेकले तिथे माझ्याच हाताने शाईची रेघ मारायला लावली. विहिरीच्या पाण्यात ती रेघ बोटभर खाली गेली. ओल्या हाताला लागलेली ती शाई दुपारपर्यंत निघाली नाही.

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन सड्यावर गेलो, तेव्हा धक्क्याला पर्यटकांची पांढरीशुभ्र बोट लागली होती. नातीने बोटीचे मजले मोजले. मी दुर्बीण घेऊन पाण्यालगतचे आकडे शोधत राहिलो. आठाचा तळ नुकताच भिजत होता.