टायरला नक्षी होती, हीच तर गडबड होती

२०२५ च्या गणपतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट, मखराचं सामान घेऊन मेनरोडवरून येत होतो, नाशिकला पावसाची भुरभुर चालू होती, पुढच्या ॲक्टिव्हावाल्याने अचानक ब्रेक मारला म्हणून मी पण मारला आणि गाडी थांबायचं सोडून सरकतच गेली. स्पीड काय असेल, पंचवीस-तीस. ॲक्टिव्हाच्या नंबर प्लेटपासून वीतभर अंतरावर थांबली. बायकोने माझ्याकडे फक्त बघितलं, बोलली काही नाही, ते जास्त लागलं.

घरी येऊन आधी ब्रेकवर संशय घेतला. मेकॅनिकने चारही चाकं खोलून बघितली, ब्रेक ओके. मग तो खाली बसला, टायरवर अंगठ्याचं नख दाबलं आणि म्हणाला, साहेब हे रबर नाही, लाकूड झालंय. मी म्हणलं अरे पण नक्षी केवढी शिल्लक आहे! त्यावर त्याने साईडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा, एक चार आकडी नंबर दाखवला, ३२१७. म्हणजे २०१७ सालचा ३२ वा आठवडा. आठ वर्षं.

आमची स्विफ्ट २०१२ ची, पेट्रोल. पहिली पाच वर्षं मी रोज अंबडला कंपनीत न्यायचो तेव्हा ५८ हजार झाली, तेव्हाच हे टायर टाकलेले. नंतर कंपनीची बस सुरू झाली आणि गाडी उरली ती घरातल्या म्हाताऱ्या नानांना दवाखान्यात नेणं, भाजी, मुलीचा क्लास, महिन्यातून एकदा सिन्नर, एवढ्यापुरती. आत्ता मीटरला ९६ हजार. म्हणजे या टायरांवर आठ वर्षांत ३८ हजार, वर्षाला पाच हजार पण नाही. आम्ही खूश होतो की बघा टायर कसे टिकलेत. नानांचं तर गणित साधं, टायर गोटा (नक्षी झिजून गुळगुळीत) झाल्याशिवाय बदलायचा नाही, आणि गोटा व्हायला तर अजून दोन-तीन वर्षं होती. पण रबर नुसतं उभं राहून पण म्हातारं होतं हो, ऊन, हवा, उष्णता यानेच कडक होतं, बारीक चिरा पडतात, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. नक्षीच्या खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात (१.६ मिमीची खूण ती, टायर तिथपर्यंत झिजला की कायद्यानेच बाद) तिथपर्यंत आमचे टायर पोचलेच नव्हते, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही.

मग शोधाशोध. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो "किती किलोमीटरवाला हवा?" साठ हजारवाला, ऐंशी हजारवाला, आणि आपण पण लगेच जास्त चालणाऱ्याकडे वळतो, पैसा वसूल. मी एक रात्र यावर डोकं खाजवलं तेव्हा ट्यूब पेटली की वर्षाला पाच हजार चालणाऱ्या गाडीला ऐंशी हजारवाला टायर म्हणजे सोळा वर्षांचा हिशोब, त्याच्या कितीतरी आधी तो वयाने मरणार! आणि जास्त टिकणारा टायर बहुतेक वेळा कडक रबराचा असतो, म्हणजे ज्या गोष्टीने आम्ही ॲक्टिव्हावर जाता जाता राहिलो तीच गोष्ट जास्त पैसे देऊन विकत घ्यायची. आम्हाला उलटं पाहिजे होतं, थोडा मऊ, पावसात धरणारा, आवाज न करणारा, चाळीस हजार चालला तरी चालेल. रोज नाशिक-मुंबई करणाऱ्याने मात्र माझं ऐकू नये, त्याला टिकाऊच परवडतो.

साईजवरून पण एक वाद झाला. आमची कंपनीची साईज १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिमी, साईडवॉल त्याच्या ८० टक्के उंच, रिम १४ इंची). टायरवाला म्हणाला १८५/७० टाका, गाडी रुबाबदार दिसेल, सगळे टाकतात. घरी कागदावर गणित केलं, चाकाची उंची ६२० ची ६१५ मिमी होते, एवढ्याने मीटर काही फार चुकणार नाही, म्हणजे तो अगदीच खोटं बोलत नव्हता. पण रुंद टायर म्हणजे पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड, ॲव्हरेज थोडं कमी, आणि गाडी चालवणार कोण तर पंचाहत्तरीचे नाना आणि बायको. रुबाब कुणाला दाखवायचाय. शिवाय आमच्या साईजला साईडवॉल १३२ मिमी उंच, गंगापूर रोडच्या खड्ड्यांना तेवढी गादी लागतेच. साईजच्या पुढे ८५टी लिहिलेलं असतं ते पण बघून घ्या, ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलोपर्यंत वजन आणि टी म्हणजे ताशी १९० पर्यंत. यापेक्षा कमी आकडा स्वस्तात मिळाला तरी घ्यायचा नाही, जास्त चालतो.

कंपनीच्या नावावर मी फार वेळ घालवला नाही. एमआरएफ, अपोलो, सीएट, ब्रिजस्टोन, जेके, या साईजमध्ये सगळ्यांचे आहेत. नानांचा जीव सीएटवर, कारण सातपूरला कारखाना, त्यांचे अर्धे मित्र तिथून रिटायर झालेत. म्हणलं ठीक आहे, पण तारीख मी बघणार. आणि इथेच मजा. पहिल्या दुकानात "स्पेशल रेट" म्हणून जे टायर काढले त्यावर ४६२३. जवळजवळ दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेले. मी नंबर वाचायला वाकलो तसा दुकानदाराचा चेहरा बदलला, म्हणे दादा रबर आहे, दूध नाही. बरोबर आहे त्याचं, नीट सावलीत ठेवलेला टायर दोन वर्षांत वाया जात नाही. पण आमचा टायर वयानेच जाणार असेल तर त्यातली दोन वर्षं आधीच संपलेला मी पूर्ण पैशात का घेऊ?

दुसऱ्या दुकानदाराने मात्र स्वतःहून सांगितलं की घाई नसेल तर थांबा, २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के होतोय. ४,७०० चा टायर ४,३०० च्या आसपास आला, चारचे सोळाशे वाचले. तोपर्यंत पावसात गाडी काढलीच नाही, रिक्षाने फिरलो.

नाना शेवटपर्यंत "दोनच टाक, पुढचे" यावर अडून होते. दोनच टाकायचे असतील तर नवे मागे टाकतात, हे त्यांना पटेना, इंजिन पुढे आहे ना म्हणे. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर स्टिअरिंगमध्ये कळतं, मागचं घसरलं की गाडी गरकन फिरते आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पण मागचे दोन पण ३२१७ च होते म्हटल्यावर वादच मिटला, चारही टाकले. ३१२५, म्हणजे दोन महिन्यांचेसुद्धा नाहीत. अलाइनमेंट, बॅलन्सिंग केलं, टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरायला नाही म्हणलं, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. ऐंशीच्या स्पीडला स्टिअरिंग थरथरायला लागलं म्हणून परत नेली तर एका रिमला बॅलन्सिंगसाठी लावलेलं छोटं वजन पडलेलं, लावून दिलं. आता हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी थंड असताना, दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते.

राहिली स्टेपनी. डिकीतून काढली तर नवीकोरी, रबराचे केससुद्धा तसेच. नाना अभिमानाने म्हणाले, बघ, एकदाही जमिनीला लागलेली नाही. नंबर बघितला, २०१२ सालचा. कंपनीतून आलेली. तिचं काय करायचं यावर अजून घरात एकमत नाही.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडू लावला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि आरतीचं ताट हातात घेऊन मी नानांना शोधतोय तर नाना खाली पार्किंगमध्ये, चष्मा कपाळावर चढवून शेजारच्या गाडीच्या टायरपाशी उकिडवे बसलेले. म्हणाले, यांची १८१६ आहे रे, वर जाऊन सांगून येतो.