महिनाअखेरचा हजेरीपट

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आई शाळेतून येताना पिशवीत हजेरीपट घेऊन येत असे. खरे तर तो शाळेच्या कपाटातच राहायला हवा होता. पण पन्नासएक मुलांच्या आडव्या-उभ्या बेरजा शाळेच्या वेळेत पुऱ्या होत नसत, आणि या महिन्याचे काम पुढच्या महिन्यात नेणे तिला मान्य नव्हते. जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून त्यावर तो लांबलचक पट उघडला जाई. आडव्या ओळींतले हजर दिवस मी मोजत असे, उभ्या रकान्यांतली रोजची संख्या ती मोजत असे, आणि उजवीकडच्या खालच्या चौकोनात दोघींची बेरीज एकच यावी लागे. नाही आली, तर मळलेली कणीक तशीच झाकून ठेवून पहिल्या क्रमांकापासून पुन्हा मोजणी सुरू होई. माझे वडील तोवर बाहेर रेडिओ ऐकत बसत; हिशेब जुळल्याशिवाय तवा चढणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते.

आई जाऊन या महिन्यात एक वर्ष होते. तिच्याविषयी लिहायला बसले की सगळ्यांत आधी आठवतो तो निळ्या पुठ्ठ्याचा हजेरीपटच.

ती मूळची नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली, श्रीरामपूरजवळच्या हरेगावची. तिचे वडील तिथल्या साखर कारखान्यात कामाला होते. हरेगाव म्हटले की आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसाला मतमाउलीची यात्रा आठवते. पवित्र मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरचा, आणि त्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेला सर्व धर्मांचे लोक येतात, नवस बोलतात, मेणबत्त्या लावतात. लग्न होऊन आई नागपूरला, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली, त्यानंतरही जमेल त्या वर्षी महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून ती हरेगावजवळच्या बेलापूर स्टेशनवर उतरत असे. किरकोळ रजेचे दोन दिवस त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीपासून राखून ठेवलेले असत, आणि एरवी अंगात ताप असला तरी तिने रजा घेतल्याचे मला आठवत नाही.

नागपुरात कॅथलिक शिक्षिका म्हटले की ही कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवत असणार, असे लोक गृहीत धरत. (आमच्या विदर्भात कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, तिथे एकही सिस्टर नसली तरी.) आई मात्र मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग घेत असे आणि आम्हा दोघा भावंडांनाही तिने मराठी शाळेतच घातले. आमच्या चर्चमध्ये तमिळ, मल्याळी, गोव्याची, छोटा नागपूरची अशी अनेक भाषांची कुटुंबे होती, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर आवारात बायका तिला विचारत की स्वतः शिक्षिका असून मुलांना इंग्रजी शाळेत का घालत नाही. त्यावर तिचे उत्तर ठरलेले होते. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी ज्यांना शिक्षकांचे संरक्षक संत म्हणून घोषित केले, त्या दे ला साल यांनी सतराव्या शतकात फ्रान्समधल्या गरिबांच्या मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्या स्वतःच्या भाषेत, फ्रेंचमध्ये वाचायला शिकवले, एवढे ती सांगे आणि स्कूटरकडे चालू लागे. बायकांचे समाधान होत असे असे वाटत नाही. मलाही त्या वयात होत नसे, कारण नागपूरच्या सदर भागातल्या शाळांचे गणवेश मला फार आवडत.

तिचा हा हट्ट कुठून आला असावा, याचा अंदाज मला पुढे आला. ती बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. फादरांनी ‘डोमिनुस वोबिस्कुम’ म्हटले की ‘एत कुम स्पिरितु तुओ’ असे उत्तर द्यायचे, हे तिला शेवटपर्यंत मुखोद्गत होते. अर्थ मात्र त्या वेळी कुणी सांगितलाच नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळातल्या कॅथलिक चर्चमधल्या त्या मोठ्या बदलानंतर, वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली, तेव्हा आपण इतकी वर्षे काय म्हणत होतो ते कळून आपल्याला रडू आले होते, असे ती सांगत असे. वर्गात एखादा मुलगा कविता घडाघडा म्हणू लागला की ती त्याला मध्येच थांबवून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारी, आणि तो गडबडला की शिक्षा न करता म्हणे, “हरकत नाही, माझेही असेच होते.” मुलांना त्यातले काही कळत नसे.

चौथीत मी तिच्याच वर्गात होते. घरून निघताना ती आई असे आणि शाळेच्या फाटकात शिरताना बाई होई. तिथे चुकून ‘आई’ म्हटले तर तिला ऐकूच जात नसे. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी ती दर रविवारी मिस्सेनंतर आमच्या घरी मुलांना विनामूल्य शिकवत असे, आणि त्या गर्दीत मी सगळ्यांत मागे, शिलाई मशीनला टेकून बसे, कारण पुढच्या सतरंजीवर बाहेरच्या मुलांचा हक्क होता. सहामाहीच्या मराठीच्या पेपरात माझी आणि शेजारच्या मुलीची एकच चूक झाली होती; तिला अर्धा गुण कमी झाला आणि मला एक. मी घरी येऊन दोन्ही पेपर तिच्यापुढे ठेवले. तिने ते पाहिले, घडी घालून परत दिले आणि “असू दे” एवढेच म्हणाली. पक्षपात होतो आहे असे कुणी म्हणू नये म्हणून ती असे करत असे हे खरे, पण तो अन्यायच होता, आणि आज तिच्याविषयी एवढे चांगले लिहिताना तेही नोंदवून ठेवते.

आता तांदळाविषयी.

१५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारची शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडे शिजवलेले अन्न नव्हते; ज्या मुलाची महिन्यातली हजेरी ८० टक्के भरेल त्याला तीन किलो तांदूळ मिळत. खिचडी पुढे आली, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर. म्हणजे मधली काही वर्षे आमच्या टेबलावरच्या बेरजांवर कुणाच्या तरी घरचा भात अवलंबून होता. मी तेव्हा नववी-दहावीत होते आणि मोजणी अजूनही माझ्याचकडे होती. महिन्यात चोवीस दिवस शाळा भरली असेल तर वीस दिवस हजेरी लागे, आणि दर महिन्याला दोघे-तिघे एकोणीस किंवा अठराला अडकत. एका मुख्याध्यापकांनी तिला सुचवले होते की सरसकट सगळ्यांची हजेरी पुरी दाखवावी, शाळेचा अहवालही चांगला दिसेल. ती तयार झाली नाही, आणि त्यानंतर जनगणना, मतदार यादी, पल्स पोलिओ यांपैकी कुठल्याही कामाच्या यादीत तिचे नाव पहिले असे.

खोटी हजेरी लावायची नाही, पण मूल उपाशी राहता कामा नये, यावर तिने काढलेला उपाय म्हणजे आमचा तांदळाचा डबा. अडकलेल्या मुलाच्या घरी ती संध्याकाळी कापडी पिशवीत तीन किलो तांदूळ घेऊन जात असे. वडील म्हणत, “एका अक्षराचा प्रश्न आहे, आणि तू तीन किलो देतेस.” ती म्हणे, “अक्षर माझे नाही, तांदूळ माझे आहेत.”

एका महिन्यात एका मुलाची हजेरी अठरा भरली. त्याचे वडील पावसाळ्यात वारले होते आणि त्याची आई धुणीभांडी करत होती. माझी आई पिशवी घेऊन गेली तेव्हा मीही बरोबर होते. दारातच त्या बाईने पिशवीकडे पाहिले आणि हात पुढे केला नाही. “तुमच्या घरचे कायले घेऊ बाई? सरकारचे असन त द्या.” आवाजात राग नव्हता; दुकानदाराने दुसऱ्याचे सामान चुकून पुढे करावे आणि गिऱ्हाइकाने ते परत सारावे, तसे तिने ते सांगितले. आम्ही पिशवी घेऊन परत आलो. येताना आई एक शब्द बोलली नाही.

त्या रात्री तिने पट पुन्हा उघडला. मूल वेळेवर आले नाही की ती त्याच्या चौकोनात शाईचे टिंब देई आणि शाळा सुटताना त्याचे ‘गै’ करी. त्या मुलाच्या ओळीत दोन चौकोनांत टिंबाचे ‘गै’ करायचे राहून गेले होते. आईने दोन्ही टिंबांवर ‘ह’ लिहिला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि मला म्हणाली, “वीस.” मी वीस लिहिले. मग उभ्या रकान्यांतल्या दोन बेरजा तिने स्वतः बदलल्या. शनिवारी शाळा सकाळची असे. त्या शनिवारी दुपारी ती जेवून झोपली नाही, तीन वाजताच चर्चला गेली आणि पापनिवेदनाच्या रांगेत उभी राहिली. तिथे काय बोलली ते तिला आणि फादरांना ठाऊक. पुढच्या महिन्यात तो मुलगा एकही दिवस चुकला नाही, त्यामुळे प्रश्न पुन्हा आला नाही. मला मात्र नेहमी वाटत आले आहे की मुख्याध्यापकांपुढे न वाकलेली माझी आई त्या बाईच्या दारात वाकली, आणि ते तिला जड गेले असले तरी तिने त्याबद्दल कधी पश्चात्ताप केला नसावा. फक्त कबुली दिली असावी.

सदरमधले आमचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस दे सेल्स यांच्या नावाचे आहे. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला आणि १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. इथे काम उभे करणारे फ्रेंच फादर याच संताच्या नावाने चालणाऱ्या संघाचे होते. २४ जानेवारीला संत फ्रान्सिस यांचा सण असतो. १९२३ पासून ते लेखक आणि पत्रकारांचे संरक्षक संत आहेत, आणि याचा उपयोग आई आमचे अक्षर सुधारण्यासाठी पुरेपूर करून घेत असे. पण तिला त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक प्रिय होती. एका कर्णबधिर माणसाला धर्मशिक्षण देता यावे म्हणून त्यांनी त्याच्याशी खुणांनी बोलण्याची पद्धत तयार केली, आणि म्हणून कर्णबधिरांचेही ते संरक्षक मानले जातात. आईच्या वर्गात एक वर्ष असा एक मुलगा आला होता. तीन वर्षे तो शेवटच्या बाकावर नुसता बसवला गेला होता. आईने त्याला पहिल्या बाकावर आणले आणि सगळ्या वर्गालाच त्याच्या घरच्या खुणा शिकायला लावल्या: पाणी, वही, बेरीज, चूक, शाबास. पुढे कित्येक वर्षे ती आम्हालाही घरात ‘शाबास’ हाताच्या खुणेनेच म्हणत असे. वर्गात तिने येशूचे नाव मात्र कधी काढले नाही. ती म्हणे, पालकांनी मुले मला मराठी आणि गणितासाठी दिली आहेत.

नाव न काढता ती काय करत होती, ते मला तिच्या शेवटच्या आजारात कळले. आमच्या घरी रात्री आठ वाजता जपमाळ म्हटली जात असे. प्रत्येक ‘नमो मरिया’ सुरू करण्याआधी ती क्षणभर थांबत असे, आणि तिला दमा असल्यामुळे ती श्वास घेते आहे असेच आम्ही सगळे समजत होतो. शेवटच्या पाच-सहा महिन्यांत तिला आजूबाजूचे भान राहीनासे झाले, आणि तेव्हा त्या क्षणभराच्या जागेत तिच्या तोंडून नावे ऐकू येऊ लागली. हजेरीची नावे: आधी मुलगे, मग मुली, आडनावासकट, क्रमाने. जपमाळेत ‘नमो मरिया’चे मणी त्रेपन्न असतात, सुरुवातीचे तीन आणि पुढे पाच दशकांचे पन्नास, वर्गाचा पट त्याच्या आसपासच असे. ती रोज एका मण्याला एक मूल ठेवत होती. त्या मुलांत हिंदू होते, बौद्ध होते, मुसलमान होते, आणि त्यांच्यापैकी कुणालाही याचा पत्ता नव्हता. एका रात्री चौथ्या दशकात माझे नाव आले, माझ्या चौथीच्या हजेरी क्रमांकावर, माहेरच्या आडनावासह. मी पलंगाशी बसलेलीच होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तो मणी सोडला, पुढचा धरला आणि पुढच्या मुलीचे नाव घेतले.

वर्षश्राद्ध आमच्यात नसते, पण वर्षाची मिस्सा असते, आणि त्याआधी कबरीवर दगड बसवायचा होता. मागच्या आठवड्यात मी कारागिराकडे गेले. खोदण्याआधी त्याने लाल रंगाने अक्षरे आखून ठेवली होती: नाव, दोन साले, आणि खाली ‘शिक्षीका’. मी त्याला ते दाखवले.

“एवढ्याशा वेलांटीनं काय होते मॅडम? कोण पाहून राहिलं तिथं?”

“क्षला पहिली वेलांटी द्या,” मी म्हटले.

त्याने थिनरचा बोळा घेऊन ते अक्षर पुसले, पुन्हा आखले आणि बाजूला सरकून म्हणाला, “आता अख्खं पाहून घ्या एकदा. मंग मी छिन्नी लावतो.” मी चष्मा पुसला आणि वरच्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.