एनआयसीयूतून घरी

आज बाळ एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आलं! ज्यांचं अजून आत आहे त्यांच्यासाठी लिहितेय. डिस्चार्ज नुसत्या वजनावर मिळत नाही. बाळ स्वतः ओढून पितंय का, पेटीबाहेर ऊब टिकते का, श्वास मध्येच थांबत नाही ना, हे काही दिवस बघतात. घरी दर दोन-तीन तासांनी दूध, झोपलं असलं तरी उठवून. पोट गरम पण तळपाय गार लागले, की लगेच टोपी-मोजे घालून उघड्या छातीशी धरायचं. मध, गुटी अजिबात नको, आजी कितीही म्हणाली तरी. श्वास मिनिटाला 60 च्या वर गेला किंवा दूध सोडलं तर थेट दवाखाना. आणि 34 आठवड्यांआधी किंवा 2 किलोखाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी 30 दिवसांच्या आत कराच. बाळ छान दिसतंय म्हणून नेमकी हीच राहून जाते.