घरचा मेल सर्व्हर: लॉगिनमध्ये गेलेले तीन रविवार

मागच्या नोंदीत डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर पत्रांची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि ती वाचायला देणारा डव्हकॉट बसवून झाल्याचे लिहिले होते, आणि आता घरच्यांच्या फोनवर खाती जोडून देणे एवढेच काम उरले आहे, असेही मी ठोकून दिले होते. त्या ‘एवढ्याच’ कामाला तीन रविवार लागले. यंत्रणा तीच आहे: पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेला जुना छोटा संगणक कोथरूडच्या घरी राउटरशेजारी चालतो, त्याला स्थिर आयपी पत्ता आहे, आणि खाती आई, बाबा, ताई आणि मी अशी चारच आहेत.

पहिल्या रविवारी थंडरबर्ड या मेलच्या ॲपमध्ये माझी पत्रे दिसू लागली, पण एकही पत्र बाहेर जाईना. मेलच्या ॲपमध्ये नाव आणि पासवर्ड आपण बहुधा एकदाच भरतो, त्यामुळे लॉगिनही एकच होते असा समज होतो. प्रत्यक्षात पत्रे वाचण्यासाठी ९९३ क्रमांकाच्या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांकित दारावर) डव्हकॉटकडे एक लॉगिन होते आणि पाठवण्यासाठी ५८७ वर पोस्टफिक्सकडे दुसरे. पोस्टफिक्स स्वतः पासवर्ड तपासत नाही. माझ्या मांडणीत तो एका सॉकेटमार्फत (दोन प्रोग्रामना आपसांत बोलू देणाऱ्या खास फाइलमार्फत) डव्हकॉटलाच विचारतो, आणि डेबियन १२ मध्ये पोस्टफिक्सच्या बहुतेक सेवा क्रूटमध्ये, म्हणजे स्पूलच्या (पत्रांच्या रांगेच्या) निर्देशिकेलाच मूळ मानून चालतात. मी सॉकेट त्या निर्देशिकेबाहेर ठेवले होते, म्हणून लॉगमध्ये ‘अशी फाइल नाही’ एवढेच येत होते. ते स्पूलमधल्या प्रायव्हेट निर्देशिकेत हलवले, मालक आणि गट दोन्ही पोस्टफिक्स केले, परवानगी ०६६० दिली आणि पत्र गेले. हा दोष अनेकांना भेटलेला असल्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या रविवारी बाबांचा फोन हाती घेतला. ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा’ हा एकच हेका तो धरून बसला होता, आणि बाबांचे म्हणणे असे की पासवर्ड त्यांनी चार वेळा नीट, चष्मा लावून टाकला आहे. अशा वेळी ॲपच्या संदेशावर विश्वास ठेवू नये, कारण सर्व्हर क्लायंटला मुद्दामच कारण सांगत नाही. सांगितले असते तर कोणती नावे अस्तित्वात आहेत, हे बाहेरच्यालाही कळले असते. डव्हकॉटमध्ये ‘ऑथ व्हर्बोज’ ही सविस्तर नोंदीची सोय सुरू केल्यावर खरे कारण लॉगमध्ये उमटले. फोनने वापरकर्त्याचे नाव म्हणून पूर्ण ईमेल पत्ता पाठवला होता, आणि माझी खाती मात्र लिनक्सची साधी खाती असल्याने पॅम या लिनक्सच्या पासवर्ड तपासणाऱ्या यंत्रणेला ‘ॲट’ या चिन्हाच्या आधीचा भागच ठाऊक होता. ‘डव्हॲडम ऑथ टेस्ट’ ही डव्हकॉटची लॉगिन तपासणारी आज्ञा दोन्ही नावांनी चालवली, तेव्हा छोट्या नावाला होकार आणि पूर्ण पत्त्याला नकार मिळाला. डव्हकॉटच्या आवृत्ती २.३ मध्ये ‘ऑथ युजरनेम फॉरमॅट’ची किंमत ‘%Ln’ (टक्का, मोठा एल, छोटा एन) अशी केली की नाव लहान अक्षरांत येते आणि डोमेन गळून पडते. पोस्टफिक्सचा प्रश्नही डव्हकॉटकडेच येत असल्याने पाठवण्याचे लॉगिन त्याच बदलाने सुटले. ज्यांच्याकडे दोन डोमेन आहेत त्यांनी मात्र हे करू नये, कारण दोन्हीकडची सारख्या नावाची माणसे एकाच खात्यात येतील.

तिसऱ्या रविवारचा दोष पूर्णपणे माझा होता. बाबांच्या खात्याचे पाठवणे हाताने तपासावे म्हणून मी ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या साधनाने ५८७ ला जोडणी केली आणि ‘प्लेन’ या लॉगिनच्या पद्धतीची ओळख प्रिंटएफ या मजकूर छापणाऱ्या आज्ञेने तयार करून बेस६४ या साध्या अक्षरांच्या रूपात बदलली. त्या ओळखीत शून्य बाइट, नाव, पुन्हा शून्य बाइट आणि मग पासवर्ड असा क्रम असतो. उत्तर आले ५३५, म्हणजे ओळख पटली नाही. तोच पासवर्ड डव्हॲडम मान्य करत होता. तासाभराने मी बेस६४ उलट उलगडून पाहिले, तर नाव आणि पासवर्ड यांच्यामध्ये शून्य बाइट नव्हताच, उद्गारचिन्ह होते. बाबांचा पासवर्ड ४११०३८ ने, म्हणजे आमच्या पिनकोडने सुरू होत होता (पासवर्ड आता बदलला आहे, आणि त्यावरून घरात स्वतंत्र चर्चाही झाली आहे). शून्य बाइट मी तिरकी रेघ आणि एक शून्य असा लिहिला होता. त्या शून्याला लागून ४ आणि १ आले, प्रिंटएफने ते तीन अंक मिळून अष्टमान (आठच्या पायावरचा) ०४१ असे वाचले, आणि त्या क्रमांकाला उद्गारचिन्ह बसते. शून्य बाइटसाठी एकाऐवजी तीन शून्ये लिहिली की हा घोळ होत नाही.

दरम्यान याच प्रयोगांतून नवे संकट उभे राहिले होते. घरातल्या सगळ्यांचे मेल एकदम बंद पडायचे, ‘जोडणी नाकारली’ असा संदेश यायचा आणि थोड्या वेळाने सारे आपोआप सुरळीत व्हायचे. डव्हकॉट तर चालू दिसत होता, आणि फोनचा वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहिले की मेल व्यवस्थित उघडत होते. हा फरक दिसल्यावर लॉगिन वारंवार चुकवणाऱ्या पत्त्यावर बंदी घालणारा फेलटूबॅन आठवला. त्याच्या मूळ मांडणीप्रमाणे दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटांची बंदी लागते, आणि पोस्टफिक्सच्या लॉगिनसाठीचा नियम पत्रे वाचण्याचे पोर्टही बंद करतो. घरातून सर्व्हरच्या सार्वजनिक नावाने गेलेली प्रत्येक जोडणी राउटरवरून वळून येताना राउटरचाच आतला पत्ता घेऊन येत होती. त्यामुळे माझ्या चुकांची शिक्षा सगळ्या घराला होत होती. एसएसएचचे, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याचे, पोर्ट बंद होणाऱ्या पोर्टांत नसल्यामुळे मी आत शिरून बंदी उठवू शकलो. कायमचा उपाय म्हणून घरातल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) मेल सर्व्हरच्या नावाला थेट आतला पत्ता दिला, म्हणजे प्रत्येक उपकरण आपापल्या पत्त्याने दिसते, आणि बंदीतून सूट फक्त माझ्या लॅपटॉपला दिली.

आजच्या तारखेला चारही खाती वाचणे आणि पाठवणे दोन्ही करतात. जोडणी सुरक्षित करणारे लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र नव्वद दिवसांचे असते आणि ते नवे झाल्यावर डव्हकॉटला पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा अजून जोडायची आहे. डेबियन १३ वर जाणे मी पुढे ढकलले आहे, कारण त्यात डव्हकॉट २.४ येतो, त्याला २.३ ची मांडणी चालत नाही आणि वर सांगितलेली नावाची ओळही नव्या पद्धतीने लिहावी लागेल. ताई नाशिकहून येईल तेव्हा तिच्या कार्यालयातल्या लॅपटॉपवरचे आउटलुक जोडायचे आहे. त्यासाठी ‘प्लेन’च्या जोडीला ‘लॉगिन’ ही पद्धत आधीच सुरू करून ठेवली आहे.