आईच्या नावावरचं तिसरं सिम

डिसेंबर २०२५ मध्ये सरकारच्या 'संचार साथी' अॅपवरून गदारोळ झाला. प्रत्येक नव्या फोनमध्ये हे अॅप आधीच टाकून विकायचं, असा दूरसंचार विभागाचा आदेश होता. ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. मी अॅप घेतलं नाही. पण २०२३ पासून त्याच नावाची वेबसाइट आहे, तिच्यावर आपल्या नावाची सिमकार्डं दिसतात, म्हणून आधी माझी बघितली, मग आईची.

तिचा नंबर, कॅप्चा, तिच्या फोनवर आलेला ओटीपी, एवढंच. यादीत तीन नंबर निघाले. एक तिचा, एक बाबांच्या हातातला. तिसरा घरात कुणाचाच नाही. माणशी ९ सिमची मुभा असल्यामुळे तीन दिसले म्हणून कुणाला खटकायचं कारणच नव्हतं.

आईला विचारलं तर म्हणाली, "अरे, पोर्ट करायला गेले तेव्हा त्या पोराने दोनदा अंगठा घेतला. म्हणे नीट उमटला नाही." ई-केवायसीतली, म्हणजे आधार आणि अंगठ्याने ओळख पटवण्यातली, ही जुनी युक्ती आहे: पहिल्या ठशावर गिऱ्हाइकाचं सिम, दुसऱ्यावर आणखी एक, ते परस्पर विकायचं. त्यात भांडी घासून झिजलेल्या बोटांचे ठसे खरंच उमटत नाहीत, मग संशय येणार कुठून?

'नॉट माय नंबर' निवडून तक्रार केली, रेफरन्स नंबर मिळाला. आईचा एकच धोशा, "पोलीस येतील का रे?" म्हणून कंपनीच्या गॅलरीतही गेलो. हे सिम कोणत्या दुकानातून गेलं, एवढंच हवं होतं. उत्तर आलं, ही माहिती फक्त ग्राहकाला देतो. कागदोपत्री ग्राहक शेजारीच बसली होती!

काही आठवड्यांनी तो नंबर यादीतून गेला. कुणी वापरला, कुणाला फोन केले, आम्हाला कळलं नाही. कॉलच्या नोंदी कंपन्यांना किमान २ वर्षं ठेवाव्या लागतात आणि तपास यंत्रणांनी मागितल्या तर द्याव्याही लागतात. म्हणजे आईच्या नावाने कुणीतरी केलेले फोन सरकारला बघता येतील, आईला नाही. आपल्या नोंदी कुणी मागवल्या हे दाखवणारं बटण त्या वेबसाइटवर मला तरी सापडलं नाही.

मग आईचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं. आता रेशन दुकानात अंगठा द्यायचा असला की ते तात्पुरतं उघडण्यासाठी तिचा मला फोन येतो, तोही मी मीटिंगमध्ये असतानाच.