शेवटच्या दिवशी मोंढ्यात चला

‘अजिंठा-वेरूळ झालं. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट आहे, दिवस मोकळा आहे. घरच्यांसाठी इथलं खायचं काय नेऊ?’ संभाजीनगरला येणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे हे हमखास विचारतात. मनात असतो एखादा मिठाईचा पुडा. नाशिकचा चिवडा, लोणावळ्याची चिक्की, तसं इथलं काय? तसा पुडा शोधत स्टेशनभर फिरू नका. इथलं खाणं भुसार दुकानातल्या पोत्यांत सापडतं. हिमरू शाल बघायला जाताच ना, तसा थोडा वेळ जुन्या मोंढ्यालाही, म्हणजे धान्याच्या बाजारालाही द्या. रविवार असला तर जाफरगेटचा आठवडी बाजारही बघून होईल.

आधी ज्वारी. प्रवासात ज्वारी कोण वाहतं, असं म्हणून पाहुणे हसतात. पाच किलो घ्या, मग बोलू. जालन्याची दगडी ज्वारी मिळाली तर उत्तम, नाही तर मालदांडी आहेच. पीठ मात्र घेऊ नका. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, थापताना भाकरीच्या कडा फाटतात आणि बोल लागतो मराठवाड्याच्या ज्वारीला. दाणे न्या आणि लागेल तेवढेच दळून आणा.

मग तूरदाळ. लातूरच्या मिलांची दाळ तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही असेल, तरी इथून न्या. कारण इथे बिनपॉलिशची मागितली की दुकानदार पुन्हा विचारत नाही. चकाकणारी दाळ परत ठेवा. मळकट पिवळी, हाताला थोडं पीठ लागेल अशी घ्या. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या दाळेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती हाती लागली तर भाव करत बसू नका.

आणि येसर! यावर मी जरा जास्तच बोलते, पण इलाज नाही. धान्य, हरभऱ्याची दाळ, धने, मिरच्या, खडा मसाला असं सगळं भाजून दळलेलं हे पीठ. पूर्वी लग्नघरी येसर-मेतकूट कुटण्याचा कार्यक्रम मानाचा असायचा. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, आणि प्रत्येक घरी आपलंच खरं. दोन चमचे येसर पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, लसणाच्या फोडणीवर ओता, मीठ घालून उकळू द्या. आमटी दाट वाटली तर पाणी वाढवा, पाहुणे वाढले तरी पाणीच वाढवा. भाकरी कुस्करून खायची. भाजी नसलेल्या संध्याकाळी याच्याइतकं कामाचं घरात दुसरं काही नसतं. दुकानात मिळतं तसं बचतगटांच्या बायकांकडेही मिळतं. मी त्यांच्याकडचं घेते, भाजणी खमंग असते. घेण्याआधी वास घ्या. नुसत्या तिखटाचा वास आला तर पुढच्या दुकानात जा.

हळद घ्यायची तर हिंगोलीकडच्या वसमतची, आणि शक्यतो हळकुंडं. एक मोडून बघा, आतून गडद नारिंगी दिसायला हवं. चिंच निलंगा तालुक्यातल्याच पानचिंचोलीची म्हणून देतील. खरंच तिथली आहे का, हे दुकानदार जाणे. गर भरपूर असला की मी घेते.

फळांचं गणित हंगामावर. पावसाळा सरता सरता आलात तर दौलताबादच्या रस्त्यावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून सीताफळं घ्या. डोळे उघडलेली पण कडक निवडा, कागदात गुंडाळून न्या, पिकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवू नका. मोसंबी जालन्याची, हाताला जड लागणारी. शहागंजचा नान नेता येतो, पण दुसऱ्या दिवशी संपवायच्या बोलीवर. हुरडा न्यायचा विचारच सोडा. तो शेतात आगटीशी बसूनच खायचा.

गोड हवंच असेल आणि परतीचा रस्ता बीडवरून सोलापूरकडे जात असेल, तर भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा पेढा घ्या. त्या भागात खव्याच्या भट्ट्या खूप, त्यामुळे खवा ताजा. पेढ्याचा रंग तपकिरी असतो, चव भाजल्या दुधाची. पांढऱ्या पेढ्याची सवय असलेल्यांना तो जळका वाटतो. त्यांना आग्रह करू नका, तेवढेच जास्त उरतात.