आवाजाची शीव

आमचा गावचा सामुदायिक रेडिओ नाल्यापर्यंत खणखणीत ऐकू येतो. नाला ओलांडून बाभळींपाशी गेलं, की निवेदिकेच्या आवाजात खरखर मिसळायला लागते आणि पुढच्या गावच्या मारुतीपर्यंत पोचेस्तोवर ताई पार तव्यावरच्या तिळासारखी तडतडते. एका रविवारी कानात वायर घालून, मोटरसायकल थांबवत थांबवत मी हे मोजलं. बारा किलोमीटर. तिथं आमच्या आवाजाची शीव संपते.

मी लहान होतो तेव्हा आवाजाला शीव असते हे माहीतच नव्हतं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, म्हणजे ते माझ्या बाबांच्या बरोबरीचं. ५१२.८ मीटर, ५८५ किलोहर्ट्झ हे त्याचे आकडे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. त्या आवाजात बोलणारी माणसं जेवत असतील, त्यांना पडसं होत असेल, असं कधी मनात आलं नाही. आवाज वरून यायचा, पावसासारखा. आपण फक्त खाली बसायचं.

आता मीच दर गुरुवारी संध्याकाळी तासभर बोलतो. बाकीचे दिवस कृषी केंद्राच्या दुकानात हिशोब लिहितो. रेडिओवर बोलायचे पैसे मिळत नाहीत, च्या मिळतो. शेतकऱ्यांची मुलाखत घ्यायला लांब गेलो तर पेट्रोल. आम्ही असे नऊ-दहा जण आहोत. रेडिओ केंद्र दोन खोल्यांचं. पहिलीत चपला, माठ आणि सतत कोणीतरी बसलेलं. दुसरीत भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यांच्यावर जुन्या सतरंज्या, मधे टेबल, दोन माईक आणि आवाज कमीजास्त करायचा मिक्सर. मिक्सर म्हटल्यावर पहिल्यांदा आलेली प्रत्येक बाई चटणीचं भांडं शोधते.

कायद्यानं आम्हाला १०० वॅटपर्यंतची ताकद दिली आहे. पूर्वी आमच्या ओसरीत १०० वॅटचा पिवळा बल्ब होता, त्याच्या उजेडात चार घरचे लोक कापूस निवडायचे. तेवढाच हा रेडिओ, असं मी स्वतःला समजावतो. (इंजिनियर पोट्टे म्हणतात, असा हिशोब नसतो. नसू दे.) हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं. तरी सरकारनं आधी २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी दिली, आणि संस्था-संघटनांसाठी दार उघडलं ते २००६ मध्ये. मग २००८ च्या ऑक्टोबरात आताच्या तेलंगणातल्या दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला. त्यांचा एफएमवरचा आकडा ९०.४. साताऱ्याकडं म्हसवडला माणदेशी तरंग आहे, त्यांचाही ९०.४. आमचाही तोच. सुरुवातीला मला वाटलं, ही सरकारी कंजुषी. मग लक्षात आलं, एकाचा आवाज दुसऱ्याच्या वावरात जातच नाही, तर भांडण कशाचं?

आवाज लांब जात नाही म्हणून बोलणाऱ्याला सुटकाही नाही. सकाळच्या कार्यक्रमाची ताई शिलाई मशीन चालवते. ती पुण्याला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी रेडिओवर पाककृती सांगताना म्हणाली, ‘वरून बारीक चिरलेली कोथिंबीर घाला.’ त्या शुक्रवारच्या बाजारात भाजीवालीनं तिला भर गर्दीत थांबवलं. ‘काऊन वं, कोथिंबीर कोणाच्या वावरात पेरली? आमच्याकडं तं सांबार हाये.’ कोथिंबिरीला आमच्याकडं सांबार म्हणतात. ताई सांगते, तेव्हापासून माईकसमोर बसलं की ती भाजीवालीच समोर दिसते. नागपूरच्या निवेदकांना असं कोणी भर बाजारात धरलं असेल का?

याच ताईची आणखी एक गोष्ट. माईकला सगळं ऐकू येतं, काचेच्या बांगड्या तर आधी. बांगड्या उतरवणं तिला पटेना. मग ती दोन्ही मनगटांवर रुमाल गच्च बांधून बसायला लागली. एकदा तिची सासू केंद्रात आली, रुमाल बघून घाबरली. तिला वाटलं, सुनेला हाताला लागलं.

पण बांगड्यांचं काय, खरा त्याग कूलरचा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आमच्याकडं कूलरच्या घरघरीशिवाय झोप लागत नाही; लाईन गेली आणि घरघर थांबली की पाळण्यातलं पोरगं रडत उठतं. आणि आम्ही काय करतो? खोलीचं दार लावतो, पंखा बंद करतो, कूलर बंद करतो, मग गोड आवाजात म्हणतो, ‘नमस्कार मंडळी, उन्हात निघताना डोक्याला दुपट्टा बांधा, पाणी प्या.’ तोवर बोलणाऱ्याच्या बनियनमधून धारा लागलेल्या असतात. गाणं लागलं की धावत बाहेर, गाणं संपायच्या आत परत. चार मिनिटांचं गाणं आणि सात मिनिटांचं गाणं यातला फरक मला त्या खोलीतच समजला. बारा-बारा मिनिटं चालणाऱ्या भजनांवर माझी श्रद्धा मे महिन्यात वाढते.

यंत्रं सांभाळणारा पोट्टा बीएस्सीला आहे. त्यानं घरी सांगितलं, ‘मी डीजे झालो.’ बापानं दोन दिवस अबोला धरला. आमच्याकडं डीजे म्हणजे वरातीपुढचा ट्रक, छातीत धडधडणारे भोंगे आणि शेवटी पोलीस. शेवटी मी जाऊन समजावलं, की हा डीजे पेटीएवढा आहे आणि त्याच्यापुढं कोणी नाचत नाही. बाप म्हणाला, ‘मंग त्याले पैसे कोण देते?’ कोणीच नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पुन्हा पडला.

आता माझं सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे खांदशेकणीला, मी एका म्हाताऱ्या पाहुण्यांना झडत्या म्हणायला बोलावलं. पोळ्यात तोरणाखाली बैल उभे असताना ज्या यमकांच्या ओळी ललकारतात, त्या. आता त्या पाठ असलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. मी म्हटलं, आजोबा, दोन-तीन म्हणा. आजोबांनी टोपीवरूनच हेडफोन चढवला आणि सुरू झाले. एक झडती पाटलाची टर उडवणारी, एक सावकाराची, एक जावयाची. वीस मिनिटं झाली. बाहेर पाऊस, लाईन गेलेली, इन्व्हर्टर टीं टीं करायला लागलेला. आजोबा पाणी प्यायला थांबले. माझा माईक बंद आहे या समजुतीत मी पोट्ट्याकडं वळून म्हणालो, ‘हा बुडा कव्हा थांबन बे? इन्व्हर्टर चालला.’

माईक चालू होता. मला ते पोट्ट्याच्या डोळ्यांवरून कळलं. आणि हेडफोन तर आजोबांच्याच कानात. त्यांनी ग्लास शांतपणे खाली ठेवला, माझ्याकडं पाहिलं, मोठ्यानं ‘हर बोला हर हर महादेव’ म्हटलं आणि आणखी चार झडत्या म्हटल्या. इन्व्हर्टर शेवटपर्यंत टिकला, त्याचीही काहीतरी खुन्नस असावी.

पुढचे आठ दिवस बारा किलोमीटरच्या आत मी कुठंही गेलो की कोणीतरी विचारायचंच, ‘काय भाऊ, थांबला का बुडा?’ घरी बायकोही. नाल्यापलीकडच्या गावात एक काम काढून मी दोनदा जाऊन आलो, तिथं मात्र कोणाला काही माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी आजोबाच दुकानात आले. फवारणी पंपाचं वायसर हवं होतं. मी मान खाली घालून वायसर शोधत राहिलो, नेहमीपेक्षा जास्त वेळ. त्यांनी पैसे मोजून दिले, वायसर बंडीच्या खिशात टाकलं आणि विचारलं, ‘थे रेकॉर्डिंग हाये काय अजून?’

आहे, म्हटलं. तीन महिने ठेवावंच लागतं, नियम आहे.

‘मंग दसऱ्याले लाव एकडाव. लोक मांगून राह्यले.’ पायरी उतरता उतरता ते वळले. ‘अन् थे तुह्यं बोलनं कापू नोको. पोट्टे झडत्या आयकत नाईत, तेवढ्यासाठीच बसतेत.’